केबल ताणूनही हँडब्रेक पुन्हा ढिला पडतो, मागचे चाक तापते: दोष कुठे शोधावा

मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक असलेल्या माझ्या अकरा वर्षे जुन्या हॅचबॅकचा हँडब्रेक चौदा महिन्यांत तीन वेळा ढिला पडला. तिन्ही वेळा गाडी वेगवेगळ्या गॅरेजमध्ये गेली आणि तिन्ही ठिकाणी एकच काम झाले. हँडब्रेकच्या दांडीखालचे कव्हर उघडून केबलचा नट चार-सहा आटे आवळला गेला, दांडी पुन्हा चौथ्या-पाचव्या दातावर, म्हणजे ओढताना येणाऱ्या चौथ्या-पाचव्या 'टक' आवाजावर, घट्ट धरू लागली आणि दहा मिनिटांत गाडी हातात मिळाली. दोन-अडीच महिन्यांत दांडी परत नवव्या-दहाव्या दातापर्यंत वर येई. चौथ्या वेळी मात्र केबलला हात न लावता चाक उघडले, तेव्हा खरा दोष दिसला, आणि आधीच्या तीन दुरुस्त्यांनी तो कसा वाढवला होता हेही कळले.

आम्ही चाळीसगावकडे राहतो आणि आईच्या तपासणीसाठी दर दीड-दोन महिन्यांनी कन्नड घाटातून छत्रपती संभाजीनगरला जावे लागते. वर्तमानपत्रे त्याला औट्रम घाट म्हणतात, पण आमच्याकडे तो कन्नड घाटच. चढावर एखादा ट्रक बंद पडला की मागे रांग लागते आणि गाडी उतारावर उभी करून ठेवण्यावाचून इलाज नसतो. अशाच एका खोळंब्यात मी दांडी शेवटच्या दातापर्यंत ओढली, तरी गाडी हळूहळू मागे सरकू लागली. मागे कपाशीच्या गाठी भरलेला टेम्पो हातभर अंतरावर होता. त्यानंतरची चाळीस मिनिटे मी पायाचा ब्रेक दाबून काढली. परतीला घाट उतरून खाली सपाटीवर आल्यावर आईनेच विचारले, "बाळा, काही जळतंय का रे?" मागच्या डाव्या चाकाजवळ तळहात नेला तर रिमपासून वीतभर अंतरावरच धग लागत होती, आणि उजवे चाक जेमतेम कोमट होते.

ही दोन लक्षणे एकमेकांच्या उलट वाटतात. हँडब्रेक ढिला आहे, म्हणजे तो पुरेसा धरत नाही. चाक तापते, म्हणजे ब्रेक सोडल्यावरही धरून आहे. एकाच गाडीत दोन्ही एकाच वेळी कशी असतील, याचा उलगडा कॅलिपरच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला घासणाऱ्या पट्ट्यांनी (पॅडनी) धरणाऱ्या भागाच्या, आतली रचना समजल्याशिवाय होत नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

अशा अनेक गाड्यांत पायाचा ब्रेक आणि हँडब्रेक मागच्या चाकांवर एकच पिस्टन वापरतात. पाय दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि पॅड डिस्कवर दाबले जातात. हँडब्रेक ओढला की केबल कॅलिपरच्या पाठीमागचा छोटा लिव्हर फिरवते, त्या लिव्हरचा दांडा कॅलिपरच्या आत शिरलेला असतो, आणि तो फिरला की आतला आट्यांचा खिळा पिस्टनला मागून ढकलतो. पॅड झिजत जातात तसतसा पिस्टन पुढे सरकतो, त्यामुळे हा खिळाही तेवढाच लांब व्हावा लागतो. ही लांबी वाढवणारी आपोआप जुळणी पिस्टनच्या आतच बसवलेली असते आणि पायाचा ब्रेक वापरताना ती आपले काम करत राहते. मात्र त्यासाठी एक अट आहे. हँडब्रेक सोडलेला असताना तो छोटा लिव्हर पूर्ण मागे येऊन त्याच्या टेकणीला (जिथे तो टेकून थांबतो त्या जागेला) लागलेला असला पाहिजे. केबल ताणून ठेवल्यामुळे तो टेकणीपासून थोडा जरी सुटा राहिला, तरी जुळणीला जी मोकळी जागा लागते ती आधीच खाल्ली जाते आणि जुळणी थांबते. मग पॅड झिजतात, खिळा मात्र तेवढाच राहतो, आणि दांडी पुन्हा वर येऊ लागते.

म्हणून मी ठामपणे सांगतो की केबल ताणणे हा ढिल्या हँडब्रेकवरचा सर्वांत शेवटचा उपाय आहे. बाकी सगळे तपासून झाल्यावर उरलेली थोडी ढील काढण्यापुरता तो नट दिलेला असतो.

माझ्या गाडीत घडले ते असे. डाव्या कॅलिपरच्या लिव्हरच्या दांड्यावरचे रबरी सील फाटले होते. आमची गाडी पावसाळाभर मळ्यात उभी राहते, वाटेत पाटचारीचे पाणी ओलांडावे लागते आणि काळ्या मातीचा चिखल खालच्या प्रत्येक फटीत जाऊन बसतो. ही माती ओली असताना चिकट राहते आणि वाळली की दगडासारखी होते, शिवाय ती ओल फार काळ धरून ठेवते. त्या ओलीने दांडा गंजला. लिव्हर ओढला जाई, पण परत टेकणीपर्यंत येत नसे आणि साधारण पाच-सहा मिलिमीटर अलीकडेच अडकून राही. तेवढ्यानेच डावे पॅड कायम डिस्कला घासत होते आणि चाक तापत होते. लिव्हर परत न आल्याने त्या बाजूची केबल लोंबती राहिली आणि दांडीला ढील आली. ती ढील काढण्यासाठी गॅरेजने नट आवळला, तेव्हा चांगल्या असलेल्या उजव्या कॅलिपरचा लिव्हरही टेकणीवरून उचलला गेला आणि त्याची जुळणी बंद पडली. पुढच्या दोन महिन्यांत उजवे पॅड झिजले आणि पुन्हा ढील आली. त्यावर पुन्हा नट आवळला गेला. हे चक्र तीन वेळा फिरले.

आता तपासणीचा क्रम. गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर घ्यावी, शेतातल्या भुसभुशीत जागेवर जॅक लावू नये. हँडब्रेक सोडून काम करायचे असल्यामुळे गाडी धरून ठेवायला दुसरे काही हवे, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावावेत आणि पुढची चाके ओढणारी गाडी असेल तर ती पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. मागून उचलल्यावर तिचा भार स्टँडवर द्यावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली डोके घालू नये.

उचलण्यापूर्वी एक सोपी चाचणी घ्यावी. आठ-दहा किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न वापरता, गाडी चालवावी आणि आपोआप मंदावू देऊन थांबवावी. मग प्रत्येक चाकाजवळ तळहात न्यावा, धातूला हात लावू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि डांबर पेटलेले असते, तेव्हा चारही चाके गरमच लागणार, म्हणून एका चाकावरून निष्कर्ष काढू नये. डाव्या-उजव्यातला फरक पाहावा. फरक स्पष्ट असेल तर जास्त तापलेले चाक आधी उघडावे.

चाक उचलून हाताने फिरवावे. पॅड डिस्कला हलके लागल्याचा आवाज येणे स्वाभाविक आहे, पण हात सोडताच चाक जागच्या जागी थांबत असेल तर ब्रेक धरून आहे. आता केबलचे टोक कॅलिपरच्या लिव्हरमधून काढावे आणि लिव्हर नीट पाहावा. केबल काढताच लिव्हर टणकन टेकणीला जाऊन लागला आणि चाक मोकळे झाले, तर कॅलिपर चांगला आहे आणि दोष केबलमध्ये आहे. आतली तार गंजून वेष्टनात अडकली असेल, किंवा कोणीतरी ती जास्त ताणली असेल. केबल काढूनही लिव्हर परत येत नसेल तर दांडा गंजलेला आहे. लिव्हर टेकणीला लागलेला असूनही चाक जड फिरत असेल तर दोष पिस्टन, गाइड पिन (ज्या दोन पिनांवर कॅलिपर मागे-पुढे सरकतो त्या) किंवा ब्रेक ऑइलच्या वाटेत शोधावा.

त्यासाठी पुढची चाचणी ब्लीडर निपलची, म्हणजे कॅलिपरवरच्या हवा आणि ऑइल सोडण्याच्या छोट्या स्क्रूची. निपलवर पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे आणि निपल अर्धा आटा सैल करावा. ऑइल उसळून बाहेर आले आणि चाक लगेच मोकळे झाले, तर आत दाब अडकून राहिला होता. याचे नेहमीचे कारण म्हणजे रबरी होज पाइप. तो बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून त्याचा थर सुटलेला असतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, परत मात्र येत नाही. खात्री करायची असेल तर निपल बंद करून ब्रेक पुन्हा दाबावा, आणि चाक जाम झाल्यावर होज जिथे लोखंडी पाइपला मिळतो तिथला, मास्टर सिलेंडरच्या (पॅडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाच्या) बाजूचा जोड सैल करावा. तेव्हाही चाक जामच राहिले तर होज गेला आहे. चाक मोकळे झाले तर दाब वरूनच सुटत नाही, म्हणजे मास्टर सिलेंडर किंवा पॅडलची जुळणी पाहावी लागेल. निपल उघडूनही चाकात काहीच फरक पडला नाही, तर मात्र अडचण कॅलिपरच्याच लोखंडात आहे. होजविषयीची ही चाचणी फार थोड्या ठिकाणी केली जाते आणि त्यामुळे चांगले कॅलिपर विनाकारण बदलले जातात, हे मी आमच्या ओळखीतल्या दोन गाड्यांच्या बाबतीत पाहिले आहे.

कॅलिपर उतरवल्यावर तो होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने चाकाजवळच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधावा. तो उतरवलेला असताना कोणी ब्रेक पॅडलवर पाय ठेवणार नाही, एवढी ताकीद घरातल्या मुलांना आधीच देऊन ठेवावी, कारण समोर डिस्क नसताना पिस्टन बाहेर येऊन पडू शकतो. नंतर दोन्ही पॅडची जाडी शेजारी ठेवून पाहावी. पिस्टनकडचे आतले पॅड बाहेरच्यापेक्षा बरेच जास्त झिजले असेल तर गाइड पिन किंवा पिस्टन अडकत आहे. एकच पॅड तिरपे, एका टोकाला जास्त खाल्ले गेले असेल तर बहुधा एक गाइड पिन जाम आहे. माझ्याकडे आतले पॅड खालच्या टोकाला जवळजवळ लोखंडाला टेकले होते आणि बाहेरच्यावर चार मिलिमीटर मसाला (पॅडचा घासणारा थर) शिल्लक होता. दांडा गंजलेला होताच, पण खालचा गाइड पिनही हलत नव्हता. पाना लावून तो फिरवत-फिरवत बाहेर काढला, तर त्यावर पिवळसर ग्रीस घट्ट खरवसासारखे बसलेले आणि रबरी बूट फुगून सैल झालेला. आधी कोणीतरी तिथे चाकाच्या बेअरिंगचे साधे ग्रीस भरले होते. खनिज तेलाच्या ग्रीसने ब्रेकचे रबर फुगते. पिनवर सिलिकॉनचे किंवा खास ब्रेकसाठी म्हणून मिळणारे ग्रीसच लावावे, दुसरे कोणतेही नाही.

पिन आणि त्याचे भोक ब्रेक क्लीनरने धुवावे, पिनवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढावा आणि पिनवर खड्डे पडले असतील तर तो बदलावा. अनेक कॅलिपरमध्ये दोन पिनांपैकी एकाच्या टोकाला रबरी बाही असते, म्हणून कोणता पिन वर होता आणि कोणता खाली हे काढतानाच चुन्याच्या खुणेने लिहून ठेवावे. ग्रीसचा पातळ थर पुरे. जास्त भरले तर पिन आत दाबताना हवा अडकते आणि पिन स्वतःच बाहेर ढकलला जातो. पॅडच्या आसपासची काळी भुकटी फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. ती फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने किंवा क्लीनरने बसवून पुसावी.

लिव्हरच्या दांड्याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. आमचे जुने मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो, यांनी तेल सोडून, लिव्हर शंभर वेळा मागे-पुढे करून तो मोकळा करून दाखवला आणि लगेच म्हणाले, "भाऊ, हा आता हलतोय, पण हा पोळ्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही. सील फाटलंय, पाणी परत शिरणार." मला हे पटले. तेल सोडून मोकळा केलेला दांडा म्हणजे फक्त पुढे ढकललेली अडचण, शिवाय ते तेल आत झिरपून रबर खराब करते. दोनच मार्ग योग्य आहेत. पहिला, दुरुस्ती किट आणून लिव्हरचे सील, पिस्टनचे सील आणि धुळीचा बूट तिन्ही बदलणे. दुसरा, पूर्ण कॅलिपर बदलणे. किट स्वस्त पडते, पण पिस्टन ज्या नळकांड्यात फिरतो त्यात किंवा पिस्टनच्या चकाकीवर गंजाचे खड्डे असतील तर नवे सीलही गळते. नखाने चाचपून पाहावे. नख अडकले तर किटचा विचार सोडावा. माझ्या नळकांड्यात दोन ठिकाणी नख अडकले, म्हणून डावा कॅलिपर नवा घेतला आणि उजव्याला किट टाकले.

उजवा कॅलिपर उघडताना अप्पांनी पिस्टनचे जुने सील माझ्या तळहातावर ठेवले. बांगडीसारखी ही रबरी कडी आडव्या छेदात चौकोनी असते, आणि ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे घेण्याचे काम तिचेच आहे. पिस्टन पुढे जाताना ती त्याच्याबरोबर किंचित पिळली जाते आणि दाब सुटताच मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे ओढते. डिस्क आणि पॅड यांच्यातली सुटी जागा एवढ्यानेच मिळते. नवे सील बोटांनी दाबले तर लगेच परत येत होते, जुने दाबले तसेच राहत होते. वर्षानुवर्षे तापून ते ताठर झाले की पिस्टन मागे येत नाही आणि पॅड घासत राहतात. आतल्या या भागांना बसवताना फक्त ताजे ब्रेक ऑइल लावावे. ज्यांनी हे काम पूर्वी केलेले नाही त्यांनी गाइड पिन, पॅड आणि केबल घरी जरूर कराव्यात, पण पिस्टन बाहेर काढण्याचे काम जाणत्या मिस्त्रीसमोर बसूनच करावे.

नवीन पॅड बसवण्यासाठी पिस्टन आत घ्यावा लागतो आणि इथे एक महागडी चूक होते. पुढच्या चाकांचा पिस्टन शिकंज्याने सरळ दाबला की आत जातो, मात्र हँडब्रेक असलेला मागचा पिस्टन दाबता दाबता फिरवावा लागतो, कारण आत आटे आहेत. जोराने सरळ दाबला तर आतली जुळणी तुटते आणि कॅलिपर निकामी होतो. त्यासाठी दोन खुंट्यांचे हत्यार मिळते. बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या दिशेने फिरवायचे असते, काही गाड्यांच्या एका बाजूला उलट. पिस्टन आत जात नाही असे दिसले तर दिशा तपासावी, जोर वाढवू नये. शेवटी पिस्टनवरची खाच अशा जागी आणावी की पॅडच्या पाठीवरची छोटी गोळी तिच्यात बसेल. ज्या गाड्यांत दांडीऐवजी बटणाचा पार्किंग ब्रेक आहे त्यांच्या कॅलिपरवर बहुधा मोटर असते. तिथे स्कॅनरने दुरुस्तीची स्थिती चालू केल्याशिवाय पिस्टनला हात लावू नये.

डिस्कची जाडीही मोजावी. किमान जाडी डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते आणि तिच्याखाली गेलेली डिस्क बदलावीच लागते. पॅडवर तीन मिलिमीटरपेक्षा कमी मसाला उरला असेल तर मी वाट पाहत नाही. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत.

ब्रेक ऑइलचा भाग लोक सहज सोडून देतात आणि घाटाच्या माणसाने तो सोडू नये. डॉट ३ आणि डॉट ४ या दर्जांची ब्रेक ऑइले हवेतील ओल शोषतात. डॉट ४ ताजे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओल शोषल्यावर तो १५५ पर्यंत येऊ शकतो. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. घासणारा कॅलिपर सतत तापत असतो, त्यात घाटाच्या उतारावर ब्रेक वापरले की जुने ऑइल उकळून त्यात वाफ होते आणि पॅडल खाली बसते. टाकीच्या झाकणावर जो दर्जा लिहिला असेल तोच घालावा, दर दोन वर्षांनी बदलावे, आणि बरेच दिवस उघडी पडलेली बाटली वापरू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो. ऑइलच्या पाइपांतली हवा काढताना कोणते चाक आधी घ्यायचे, तो क्रम गाडीच्या पुस्तकात पाहून घ्यावा.

आता केबलची जुळणी, जिच्यापासून सगळी गडबड सुरू झाली. दांडीखालचा नट आधी पूर्ण सैल करावा, इतका की दोन्ही केबल लोंबतील. दोन्ही बाजूंचे लिव्हर टेकणीला लागले आहेत हे खाली वाकून डोळ्यांनी पाहावे. मग गिअर न्यूट्रलला घेऊन, इंजिन चालू ठेवून ब्रेक पॅडल वीस-तीस वेळा शांतपणे पूर्ण दाबावे आणि सोडावे. सुरुवातीला पॅडल खोल जाईल, हळूहळू वर येईल, आणि आतल्या जुळण्या आपापली जागा घेतील. हे झाल्यावर इंजिन बंद करून गाडी परत गिअरमध्ये घ्यावी, आणि मगच नट थोडा-थोडा आवळावा. दुसऱ्या माणसाने खाली लिव्हरवर नजर ठेवावी आणि दोन्हींपैकी एक जरी टेकणीवरून हलताना दिसला तरी थांबवून नट किंचित मागे घ्यावा. आमच्या गाडीत दांडी सहाव्या दातावर घट्ट झाली. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकात असतो, बहुतेक गाड्यांत तो पाच ते आठच्या दरम्यान येतो. दांडी सोडल्यावर दोन्ही चाके हाताने सारखीच मोकळी फिरली पाहिजेत. गाडी स्टँडवरून उतरवल्यावर चाकांचे नट आडव्या-तिरप्या क्रमाने, पुस्तकात दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळावेत आणि रस्त्यावर नेण्यापूर्वी पॅडल कडक लागते याची जागेवरच खात्री करावी.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांविषयी आणखी एक गोष्ट, जी दुरुस्तीने जात नाही. घाट चढून-उतरून तापलेली डिस्क थोडी जाड झालेली असते. अशा वेळी हँडब्रेक लावून गाडी उतारावर सोडली, तर डिस्क थंड होताना आकसते आणि पकड सैल होते. म्हणून उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकाला दगड लावावा आणि पाच-दहा मिनिटांनी दांडी आणखी एक दात ओढावी. पावसाळ्यात गाडी मळ्यात दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर मी सपाट जागी हँडब्रेक न लावता गिअर आणि दगडांवरच ठेवतो, कारण ओल्या डिस्कवर गंज चढून पॅड तिला चिकटतात.

या दुरुस्तीला आता दीड वर्ष झाले. मध्ये एक पूर्ण पावसाळा आणि घाटाच्या दहा फेऱ्या झाल्या. दसऱ्याला गाडी धुतो तेव्हा मागची दोन्ही चाके उतरवून गाइड पिन बोटांनी मागे-पुढे करून पाहतो, बूट फाटले नाहीत ना ते पाहतो आणि लिव्हर टेकणीला आहेत याची खात्री करतो. गेल्या दसऱ्याला डाव्या-उजव्या पॅडच्या जाडीत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी फरक होता. दांडी अजून सहाव्याच दातावर घट्ट होते, आणि केबलच्या नटाला त्या दिवसानंतर पाना लागलेला नाही.